बाराला पाच कमी

शनिवारी अकरा वाजून पंचावन्न मिनिटांनी ऑर्व्हिल टीग शिडीवर चढला आणि त्याने विधानमंडळाचं घड्याळ थांबवलं. यात बेकायदेशीर काही नव्हतं. राज्याच्या घटनेप्रमाणे अधिवेशन साठाव्या दिवशी दुपारी बारा वाजता संपलंच पाहिजे, आणि कामकाज तर साठ दिवसांत कधीच उरकत नसे. तेव्हा बारा वाजूच द्यायचे नाहीत, असा तोडगा पूर्वसूरींनी काढून ठेवला होता. ऑर्व्हिल सभागृहाचा दारवान. लंबक हाताने थांबवण्याचं हे घटनात्मक कार्य तो एकोणीस वर्षं करत आला होता.

या वेळी मात्र त्याने ते मनापासून केलं. वॉशिंग्टनहून एक घटनादुरुस्ती राज्यांच्या संमतीसाठी आली होती: अठरा वर्षांखालच्या मुलांच्या मजुरीवर बंधनं घालायचा अधिकार देशाच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, असावा. कामकाजपत्रिकेत ती सगळ्यात शेवटी होती. ऑर्व्हिलची नात ओपल अकरा वर्षांची होती आणि नदीपलीकडच्या सूतगिरणीत सकाळी सहापासून तुटलेले धागे जोडत उभी होती. मतदान झालं तर पोरगी कधीतरी शाळेत बसेल, एवढीच त्याची आशा. शनिवारी गिरणी बाराला सुटायची. मग आजोबा आणि नात विधानभवनाच्या पायऱ्यांवर बसून मक्याचा पाव ताकात बुडवून खायचे. आजचा पाव त्याने रुमालात बांधून आणलाच होता.

दुरुस्तीला विरोध कोणाचाच नव्हता. सगळी अडचण तिथेच झाली. विरोधकांना दोन वाक्यांत गप्प बसवता येतं. पाठिंबा देणाऱ्याला कोण थांबवणार? बेचाळीस सभासदांनी पाठिंब्याच्या भाषणासाठी नावं दिली. सिनेटर पिकेट यांनी ठराव मांडताना सांगितलं की आपण स्वतः सहाव्या वर्षी लाकडं फोडत होतो आणि म्हणूनच आज इथे उभे आहोत. पुढच्या वक्त्याने पाचव्या वर्षी नांगर धरला होता. चौथ्या वक्त्यापर्यंत हे वय दीड वर्षावर आलं. तरीही प्रत्येकाने बालपणाबद्दल गहिवर व्यक्त केला. मग ‘मजुरी’ या शब्दात घरची भांडी घासणं येतं का, हे ठरवायला एक उपसमिती नेमली गेली.

खिडकीतलं ऊन सरकत सरकत पूर्वेच्या भिंतीवर आलं. ऑर्व्हिलने ते पाहिलं आणि नदीकडे कान दिला. गिरणीचा भोंगा वाजलाच नव्हता.

वाजणार तरी कसा? पूर्वी मुकादम गिरणीतलं घड्याळ मागे करून पोरांकडून जादा काम करून घ्यायचे. कामगारांनी आरडाओरडा केला, तेव्हा याच सभागृहाने कायदा केला: गिरणीचं घड्याळ मानायचं नाही, विधानभवनाची घंटा झाल्यावरच भोंगा वाजवायचा. आणि सभागृहाच्या घड्याळात बारा वाजले की घंटा द्यायची, हेही काम ऑर्व्हिलचंच होतं.

तो पिकेटसाहेबांच्या कानाशी लागला. “साहेब, मतदान कधी घेणार?”

“भाषणं झाली की लगेच.”

“पण साहेब, पोरं सकाळपासून उभी आहेत तिकडे.”

“म्हणून तर आपण झटतोय ना, ऑर्व्हिल? घाई कशाला करतोस? अजून पाच मिनिटं आहेत.”

सिनेटर क्रॅबट्री गिरणीचे मालक. त्यांचं भाषण सगळ्यांत हळवं झालं होतं. अजून रुमाल हातातच होता. ऑर्व्हिल त्यांच्याकडे गेला.

“मालक, तेवढा भोंगा वाजवायला सांगा. आज घंटेचं जाऊ द्या.”

“कायदा मोडू म्हणतोस?” क्रॅबट्री हळू आवाजात म्हणाले. “अरे, तुम्हीच मागून घेतलेला कायदा आहे तो. माझ्या हातात असतं तर पोरांना केव्हाच सोडलं असतं.”

चारच्या सुमाराला, म्हणजे अकरा पंचावन्नला, सभागृहाने एकमताने ठराव केला की या राज्याचा दुरुस्तीला तत्त्वतः मनःपूर्वक पाठिंबा आहे. प्रेक्षागारातली मंडळीही उभी राहिली. प्रत्यक्ष संमतीचं मतदान तेवढं उपसमितीच्या अहवालावर अडलं होतं, आणि उपसमिती जेवायला गेली होती.

ऑर्व्हिल घड्याळाखाली उभा राहिला. लंबक सोडला तर दुरुस्ती मरणार, धरून ठेवला तर ओपल उभी राहणार. त्याने दोनदा शिडीला हात लावला आणि दोनदा काढला. मग तो वर चढला आणि त्याने लंबकाला धक्का दिला.

पाच मिनिटांनी बारा वाजले. अधिवेशन संपलं, दुरुस्ती दप्तरात गेली. त्याने घंटा दिली आणि नदीपलीकडे भोंगा वाजला.

ओपल आली ती केसांत कापसाचे तंतू घेऊन. पायरीवर बसली आणि पावाचा एक घास घेऊन म्हणाली, “आजोबा, आजची सकाळ संपतच नव्हती हो.” दुसरा घास हातातच राहिला, तिला झोप लागली. ऑर्व्हिल म्हातारा रडला. त्याला कोणी पाहिलं नाही.

सोमवारी वर्तमानपत्रात आलं: राज्य तयार होतं, दुरुस्ती पाडली ती गिरणीत काम करणाऱ्या एका मुलीच्या आजोबानेच. अग्रलेखात खेदाने म्हटलं होतं की गरिबांनाच हे नको असेल तर सरकार काय करणार. तो छापून आला तेव्हा ओपल कामावर लागून एक तास झाला होता. ऑर्व्हिलची शिडी काढून घेण्यात आली आणि त्याला दारातल्या टेबलाशी बसवलं. टेबलावर पाठिंबा देणाऱ्यांच्या सह्यांची वही आहे.

ती वही अजून चालू आहे आणि तिला मुदत नाही. तुम्ही इथवर वाचत आलात, हळहळलात, म्हणजे तुमचाही तत्त्वतः पाठिंबा असणारच. तुमचं नाव लिहून घेतलं आहे. सहीसाठी यायची गरज नाही.