डोमाजींची गाडी हलकी होते

पार्सल ऑफिसच्या काट्यावर मी काय काय चढलेलं पाहिलं नव्हतं! विड्यांची पोती, आंब्यांच्या पाट्या, टोपलीतल्या कोंबड्या, एकदा तर मुंडावळ्यांसकट कुणाचं तरी लग्नाचं सामान. पण एका सकाळी एक पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ मोटारीचा दरवाजा पाठीवर घेऊन आला आणि त्यानं तो धाडदिशी काट्यावर ठेवला, तेव्हा माझ्या हातातला टाक गळून पडला.

"कुठं पाठवायचा?" मी पावतीबुक ओढत विचारलं.

"कुठंच नाई."

"मग?"

"तोलाचा हाये."

तोलला. गृहस्थांनी तो आकडा तोंडातल्या तोंडात घोकला, दरवाजा पाठीवर घेतला आणि गेले. मी सुटकेचा श्वास सोडतो न सोडतो तोच दुसरा दरवाजा घेऊन हजर!

"अहो, तो डावा तोलला ना? उजवा तेवढाच भरणार."

"काऊन? तुमचे दोन्ही कान सारखे हायेत का, बाबूजी?"

मी संतापानं लाल झालो. संध्याकाळी घरी जाऊन आरशात पाहिलं. नव्हते हो सारखे! इतकी वर्षं हे डोकं खांद्यावर वागवलं आणि मला पत्ता नव्हता.

हे डोमाजी. त्याच महिन्यात मी त्यांच्या गल्लीत राहायला गेलो, हा माझ्या पत्रिकेतला दोष. लढाई संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेली एक पिकप गाडी त्यांनी लिलावात घेतली होती आणि सौंदडकडचं धान ते गोंदियाच्या गिरण्यांना आणून टाकत. बायको कधीच वारलेली. घरात एकुलती एक मुलगी, कौशी. तिला घरी ठेवायचं कुणाजवळ, म्हणून डोमाजींनी ती परकरात होती तेव्हापासून गाडीत शेजारी बसवून तिला गावोगाव हिंडवलं होतं. गिअर कुठला टाकायचा ते बापाच्या आधी तिला कळे, असं गल्लीतल्या बायका सांगत आणि वर "असल्या पोरीचं कसं व्हायचं" असंही म्हणत.

डोमाजींच्या लेखी जगात दोनच जाती होत्या. कामाचं वजन आणि बिनकामाचं वजन. माझ्या छत्रीची मूठ बिनकामाचं वजन. माझ्या चष्म्याची डबी बिनकामाचं वजन. माझ्या मिशीकडे त्यांनी एकदा तशाच नजरेनं पाहिलं, तेव्हा मी दार लावून घेतलं.

गाडीचे दोन्ही दरवाजे गेले. मग पुढची काच गेली. चाकांवरचे पत्रे गेले. इंजिनावरचं झाकण गेलं, तेव्हा मी अंगणात धावलो.

"डोमाजी, अहो, इंजिन उघडं पडलं!"

"इंजिनाले का लाज हाये?"

हॉर्न गेला. "आवाज देवानं देल्ला हाये ना," म्हणाले, आणि बाजारातून जाताना बैलगाडीवाल्यांना अशी आरोळी ठोकू लागले की बैल उधळत. मागचं पाहायचा आरसा गेला. "मांगून येणारा पाहून घेईल मले." जो जो भाग निघे तो माझ्या काट्यावर येई. आमचा हमाल लांबूनच ओरडायचा, "बाबूजी, वो आदमी फिर कुछ उखाड़ के लाया!"

आता मला कुणी सांगावं, माणूस स्वतःची चांगली चालती गाडी अशी का सोलतो? एक दिवस मी चिडून विचारलंच. तेव्हा डोमाजी ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं.

कौशीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, पण गाव कोहमाऱ्याच्या पुढे जंगलात. वाटेत एक नाला, काठ उभे, तळाला चाक रुतेल अशी वाळू, आणि नाल्यावर लाकूडवाल्या ठेकेदारानं टाकलेला ओंडक्यांचा पूल. पन्नास मणांपलीकडे त्याच्यावर काही चढवायचं नाही, असा तिथला नेम. कौशीनं बापाकडे एकच मागितलं होतं. सासरी जाईन तर आपल्या गाडीत बसून आणि माझ्या आईचं जातं सोबत घेऊन. आंदणाचं सामान, वर ते दगडी जातं, वर गाडी. बेरीज पन्नासच्या खूप पुढे जात होती.

"मग पुलाजवळ सामान उतरवा, माणसांकरवी पलीकडे न्या," मी म्हणालो. इतकी साधी गोष्ट!

डोमाजींनी दोन्ही कानांना हात लावला. त्यांच्यात एकदा कुंकू लावून भरलेली आंदणाची गाडी मुलीच्या दारातच रिकामी व्हायची. "मधात उतरवली तं पोरीचं घर रितं होते, बाबूजी. मायी माय सांगे."

गाडीच हलकी करायला हवी होती, एवढं मलाही पटलं आणि मी घाबरलो. कारण तेव्हापासून मी त्या वेडात सामील झालो.

महाशिवरात्रीला ते मला नागऱ्याच्या महादेवाला घेऊन निघाले. एवढं प्रेम का, ते गाडीत चढताना कळलं. "आज तुमाले उपास हाये ना, म्हणून." वहाणा काढायला लावल्या. माझा नारळ तिथंच फोडला, पाणी मला पाजलं, करवंटी फेकली आणि खोबरं हातात दिलं. "देवाले कवटी कायले पायजे?" मागं बसायला खाटेची सुतळी विणलेली, तळाच्या अर्ध्या फळ्या काढलेल्या. माझ्या दोन पायांच्या मधून गोंदिया ते नागरा रस्ता धावत होता. मी एक दगड, एक शेणाचा पो आणि एक बेडूक स्पष्ट पाहिला. देव आठवण्याची वेळ देवळाच्या फार आधी आली.

"ब्रेक तरी आहे ना?" मी किंचाळलो.

"हाये. कौशीनं काढू नाई देल्ला."

समोर बापाच्या शेजारी बसलेली कौशी वळून हसली. त्या मुलीमुळे मी आज हे लिहायला जिवंत आहे.

लग्नाआधी व्याही आंदण पाहायला आले आणि तिथं कहर झाला. डोमाजींनी पितळेचे गुंड, कोपर, काशाच्या थाळ्या, सगळं मोडीत देऊन जर्मनची भांडी आणून मांडली होती! हलकी, पांढरी, फुंकर मारली तर उडतील अशी. व्याह्यांनी एक गंज उचलला, बोटानं वाजवला, खाली ठेवला.

"पोरगी देऊन राहिले का खेळणे?" ते म्हणाले आणि चहाला हात न लावता उठले.

डोमाजींचं तोंड उघडंच. एवढ्यात आतून कौशी बाहेर आली. मुलीनं अशा वेळी बाहेर यायचं नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं बहुतेक.

"मामाजी, बसा. पितळ येईल. कासं येईल. मायच्या जात्यासंग येईल." मग बापाकडे वळून, "बाबा, भांड्याले हात नाई लावाचा. तुमची गाडी पाहा."

व्याही बसले. चहा प्याले. मीही एक कप मागून घेतला.

आता डोमाजींची खरी पंचाईत झाली. पितळेचं वजन परत आलं आणि गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले ते रिकाम्या हातानं. मला वाटलं, थकले बिचारे. तर ते स्वतःच काट्यावर चढून बसले.

"हे काय?"

"गाडी सरली. आता डायवर उरला हाये."

मी हसलो. हसायला नको होतं. डोमाजींनी त्या दिवसापासून जेवण सोडलं. सकाळी वाटीभर पेज, रात्री पाणी. पंधरवड्यात त्यांचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसायला लागला. रोज काट्यावर चढत, आकडा कमी निघाला की लग्नाचं निमंत्रण आल्यासारखे खूष होत. मी रागावलो, हात जोडले, एकदा तर जिलेबीचा पुडा समोर धरला. त्यांनी पुडा हातात घेऊन अंदाज घेतला आणि परत दिला. कौशी रडायची. तिला म्हणायचे, "तुया लग्नात खाईन ना, बाई."

लग्नातही खाल्लं नाही.

वैशाखात लग्न लागलं आणि आंदणाची गाडी निघाली. तिच्यावर कुंकवाची बोटं, मागं पितळ, काशाच्या थाळ्या, गाद्या, मधोमध चिंध्यांत गुंडाळलेलं जातं. समोर पिवळ्या लुगड्यात कौशी, शेजारी डोमाजी, त्या दिवसापुरता कोट आणि गुलाबी फेटा घालून. आम्ही वऱ्हाडी बैलगाड्यांतून मागं. नवरदेव आणि व्याही पुढच्या बैलगाडीत.

नाल्यावर सगळे थांबलो, व्याह्यांची बैलगाडी तेवढी आधीच पलीकडे गेली होती. पुलाचा राखणदार म्हणून ठेकेदारानं एक म्हातारा गोंड बसवला होता. त्यानं कुऱ्हाडीच्या दांड्यानं एकेक ओंडका ठोकून पाहिला आणि मान हलवली.

"पन्नास नाई, दादा. औंदा उधई लागली. दोन मन कमीच धर."

दोन मण! वर्षभर पत्रा पत्रा सोलून, पोट मारून ज्या माणसानं काट्याशी जुगार खेळला, त्याला ऐनवेळी वाळवीनं गाठलं! मला तिथंच खाली बसावंसं वाटलं. डोमाजी मात्र कामाला लागले. पान्ह्यांची पेटी उतरवली. पेट्रोल गावात जाऊन पुलाशी परत येण्यापुरतं ठेवून बाकीचं डब्यात काढलं. मागचं फळकं सोडवलं. अंगातला कोट काढला. जोडे काढले. आणि मग फेटा काढून राखणदाराच्या हातात दिला. मुलीचा बाप, व्याह्यांच्या देखत, बोडका! वऱ्हाडातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

कौशीनं पायातल्या तोड्यांना हात घातला, तसे डोमाजी ओरडले, "तोडे नाई! तू बसली तशी जाशीन."

अजून मणाच्या वर कमी करायचं होतं. डोमाजींनी गाडीभोवती एक फेरी मारली. आंदणाला हात लावायचा नव्हता, मुलीला उतरवायचं नव्हतं. मग ते थांबले, आणि गाडीत हात घालून इंजिन चालू करत कौशीला म्हणाले, "इकडं सरक."

ती सरकली. स्टिअरिंगच्या चाकामागं बसली. पदर खोचला.

मी ओरडलो. हो, मीच! "डोमाजी, नवरी गाडी चालवणार?" पलीकडे व्याही बैलगाडीत उभे राहिले. नवरदेव तर बाशिंग सावरत खालीच उतरला. हळद लागलेली, हातभर हिरव्या बांगड्यांची मुलगी लष्कराची गाडी घेऊन ओंडक्यांवर चढली. पहिला ओंडका कण्हला. तिसरा दबला, इतका की मी डोळे मिटले. डोळे मिटून मी बांगड्यांचा आवाज ऐकत होतो. तो थांबला नाही. मग पलीकडून कुणीतरी आरोळी दिली आणि मी डोळे उघडले, तर गाडी पार झाली होती आणि व्याही स्वतःच्या सुनेकडे असे पाहत होते की जणू ती आकाशातून उतरली.

डोमाजी अनवाणी पुलावरून चालत गेले. कौशी पुन्हा बाजूला सरकली आणि ते चाकामागं बसले.

गावात पोचल्यावर जातं उतरवलं, थाळ्या उतरवल्या, सगळं नीट घरात गेलं. मुलीच्या घरचं पाणी बापानं प्यायचं नाही, म्हणून डोमाजी तहानलेलेच परत फिरले. व्याह्यांनी फार आग्रह केला. मला वाटतं, त्यांना आतून गहिवरून आलं होतं. मी बैलगाडीला कंटाळलो होतो आणि खरं सांगायचं तर मला त्यांना एकटं सोडवत नव्हतं, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघालो. पुलापर्यंत सवयीनं मागंच बसून आलो. अलीकडे राखणदारानं कोट, फेटा, पेटी सगळं परत दिलं, आणि मी पुढच्या जागेवर बसायला गेलो.

"तिथं नाई, बाबूजी. मांगं बसा."

इतक्या दिवसांचा स्नेह आणि असं? तोवर डोमाजी एक रिकामं पोतं घेऊन नाल्यात उतरले होते. कोरड्या वाळूत बसून ते ओंजळीनं पोतं भरत होते! ज्यानं माझ्या नारळाची करवंटी गाडीत येऊ दिली नाही, तो माणूस वाळू भरत होता. मी धावत खाली गेलो. पोतं भरलं, दोघांनी मिळून उचललं, आणि त्यांनी ते कौशीच्या जागेवर उभं करून सुतळीनं बांधलं.

"तिच्या वजनानं गाडीच्या कमानी बसवल्या होत्या मी," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "रिती जागा राहिली तं गाडी एकांगी चालते."

"मग मी बसतो ना तिथं!"

"तुमचं वजन येगळं हाये."

मी मागं सुतळीवर बसलो. गाडी निघाली. आमच्या मधे पत्रा नाही, काच नाही, त्यामुळे मला त्यांची पाठ आणि ते पोतं दोन्ही दिसत होतं. पहिला खड्डा आला तेव्हा डोमाजींनी वेग कमी केला आणि त्यांचा डावा हात आपोआप बाजूला गेला, पोत्याच्या पुढून आडवा, लहान मूल पुढं पडू नये म्हणून धरतात तसा. "धरून बस, बाई," ते म्हणाले. मग त्यांना कळलं असावं, कारण हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला. पण त्यांनी तो काढून घेतला नाही. पुढच्या खड्ड्यालाही गेला, त्याच्या पुढच्यालाही. मी मागं बसून रडत होतो. कोहमारा आलं तेव्हा मी डोळे पुसले आणि चहाला थांबू या म्हणालो. डोमाजींनी गाडी ढाब्याच्या सावलीत लावली, ऊन पोत्यावर येत होतं म्हणून पुन्हा सुरू करून जरा पुढे घेतली, आणि मग खाली उतरले.