अठराव्या प्रकरणातली बाई

सोमवारी सकाळी लेखिकाबाईंनी मेट्रनबाईंना फोन केला, तो केवळ बुधवारची संगती आपल्या घरून टळावी म्हणून. संगती म्हणजे चर्चच्या मंडळीतल्या दहाबाराजणांनी आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची आणि मग चहा पिता पिता उठायचं विसरून जायचं. या बुधवारी पाळी लेखिकाबाईंची होती. आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला कादंबरीचं सुधारलेलं हस्तलिखित संपादकांच्या टेबलावर हवं होतं. मुदत दोनदा वाढवून झाली होती. तिसऱ्यांदा चुकली तर पुस्तक यंदाच्या यादीतून गळणार, हे संपादकांनी अगदी गोड आवाजात सांगितलं होतं.

अडलं होतं ते अठरावं, म्हणजे शेवटचं प्रकरण. त्यात नायिका एक बॅग घेऊन नवऱ्याचं घर सोडते आणि ना ओळख ना पाळख असे लोक तिला आसरा देतात. संपादकांनी समासात लाल पेनने लिहिलं होतं, "हे पटत नाही. लोक इतके चांगले नसतात. दारं बंद होताना दाखवा."

लेखिकाबाई श्रद्धाळू होत्या. पुस्तकाचं कारण सांगून प्रार्थना टाळणं त्यांच्या जिवावर आलं. मग त्या म्हणाल्या, "सध्या माझ्याकडे एक बाई आहे. नवऱ्याचं घर सोडून निघालीय. शुक्रवारपर्यंत तिचं काय ते ठरवायचंय. या बुधवारी माझ्याकडे नको, पण तिच्यासाठी प्रार्थना करा." यात एक शब्दही खोटा नाही, असं फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःला दोनदा बजावलं. खरं बोललेल्या माणसावर अशी वेळ येत नाही.

मेट्रनबाईंनी पस्तीस वर्षं दवाखान्याचे वॉर्ड चालवले होते आणि निवृत्तीनंतर त्या मंडळीची प्रार्थना साखळी चालवत होत्या. साखळीचा नियम सोपा. एकाने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. कुणाचं नाव सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही. नाव देवाला ठाऊक असतं. दुपारी साखळी पूर्ण फिरून शेवटचा फोन लेखिकाबाईंनाच आला. तोवर त्यांच्या नायिकेला खोकलाही जडला होता.

हा फोन होता पुस्तकवाल्या बाईंचा. दर रविवारी चर्चच्या दारात उभ्या राहून त्या गाण्यांची पुस्तकं वाटत. अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून पान नंबराखेरीज फारसं काही कुणी ऐकलं नव्हतं. निरोप सांगून झाला, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

"ती निघाली कशी?" त्यांनी विचारलं.

"मलाच अजून नीट कळलेलं नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. लेखिका म्हणून हे शंभर टक्के खरं होतं.

मंगळवारी मेट्रनबाई कपड्यांची पिशवी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन दारात हजर. बाई झोपलीय, असं लेखिकाबाईंनी सांगितलं. हे मात्र सरळसरळ खोटं होतं आणि ते अगदी सहज जमलं, याचंच त्यांना वाईट वाटलं. बाईचं वय किती, या प्रश्नाला बेचाळीस हे उत्तर दुसऱ्या प्रकरणातून मिळालं. जेवण जातं का, याला सतराव्यातून नाही असं मिळालं. मेट्रनबाईंनी सगळं वहीत टिपून घेतलं आणि उद्यापासून सूप पाठवते म्हणाल्या.

बुधवारी तीन घरांतून सूप आलं, एक गादी आली, दोन उशा आल्या. लेखिकाबाई टेबलाशी बसून दारं बंद करत होत्या. नायिकेच्या तोंडावर मावशीने दार लावलं की यांच्या घराची बेल वाजे. कुणीतरी मोजे घेऊन उभं असे. मैत्रिणीने दार लावलं की पुन्हा बेल, या खेपेला ब्लँकेट. चार ओळी लिहायच्या आणि चार जणांचे आभार मानायचे, यात त्यांच्या नाकी नऊ आले.

लेखिकाबाईंच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. संध्याकाळी तो घरात शिरला आणि गादीला अडखळला.

"आपल्याकडे कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग ती बोलते का, असं पाळकसाहेब चर्चमधून खास दुकानात येऊन मला का विचारत होते?"

"तू काय सांगितलंस?"

"फार लाजाळू आहे म्हणालो. मला वाटलं, तुझी कुणी लांबची बहीण असेल."

हसावं की रडावं ते लेखिकाबाईंना कळेना. खोट्यात आता नवराही भागीदार झाला होता. त्याने सगळी हकीकत ऐकली, सुपाचा एक वाडगा संपवला आणि उद्याच्या उद्या जाऊन खरं काय ते सांग, असं म्हणाला. सूप मात्र छान झालंय, हेही म्हणाला.

गुरुवारी संध्याकाळी बाईला घेऊन मेट्रनबाईंकडे या, असं पाळकसाहेबांनी स्वतःच बोलावणं पाठवलं. मेट्रनबाईंच्या घरची मागची खोली संगतीच्या लोकांनी रिकामी केली होती, भिंतींना रंग दिला होता, खाट लावली होती. पाळकसाहेबांनी बालवाडीत मदतनिसाचं कामही बघून ठेवलं होतं. आता फक्त बाई तेवढी हवी होती. लेखिकाबाई एकट्याच आलेल्या पाहून सगळे त्यांच्या मागे कोण येतंय ते बघत राहिले.

"मागे कुणी नाही," लेखिकाबाई म्हणाल्या. "ती माझ्या कादंबरीत आहे. तुम्ही बुधवारी घरी येऊ नये म्हणून मी असं बोलले. मला माफ करा."

रंग लावणाऱ्या एका काकांनी हाताच्या पालथ्या बाजूकडे पाहिलं. तिथे अजून पांढरे ठिपके होते. शरमेने लेखिकाबाईंना तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं. पाळकसाहेबांनी एकदा घसा साफ केला, पण त्यांनाही या प्रसंगाचं शास्त्रवचन चटकन आठवेना. शेवटी मेट्रनबाईंनी वही मिटली.

"म्हणजे खोकला नाही तिला," त्या म्हणाल्या. "मी औषध आणून ठेवलंय."

यावर कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी, आणि राग धरायची वेळ टळली. मात्र पुढच्या चार बुधवारांची संगती लेखिकाबाईंच्या घरी, चहासकट, असं तिथल्या तिथे ठरलं. लोक चपला शोधू लागले. पुस्तकवाल्या बाई मात्र खाटेजवळ उभ्याच होत्या.

"मग ही खोली रिकामीच राहणार का?" त्यांनी विचारलं. आणि कुणी उत्तर द्यायच्या आत, खाली बघत, "कडी आतून लागते ना?"

मेट्रनबाई एरवी शिंक आली तरी दहा प्रश्न विचारणाऱ्या. त्यांनी एकही विचारला नाही. दार लावून, कडी घालून, काढून दाखवली. पुस्तकवाल्या बाईंनी ती पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने लावून पाहिली. अकरा वर्षं दर रविवारी आपण त्यांच्या हातून पुस्तक घेतलं आणि एकदाही तोंडाकडे पाहिलं नाही, हे लेखिकाबाईंना तेव्हा कळलं आणि त्यांना रडू आलं.

पुस्तकवाल्या बाईंचं सामान थोडंच होतं, पण नवरा घरी नसताना ते काढायला हवं होतं. तो शुक्रवारी चार ते सहा बाहेर असतो, म्हणाल्या. मेट्रनबाई, काका आणि पाळकसाहेब जाणार असं ठरलं. मग पुस्तकवाल्या बाईंनी लेखिकाबाईंचा हात धरला.

"तुम्ही याल? तुम्हाला माहितीय सगळं."

आपल्याला काहीच माहीत नाही, हे सांगायची ती वेळ नव्हती. लेखिकाबाई हो म्हणाल्या.

शुक्रवारी साडेतीनला प्रकरणाची शेवटची चार पानं कोरीच होती. त्यांनी संपादकांना फोन लावला. या वेळी आडवळणाने बोलायचं नाही, असा त्यांचा निश्चय होता.

"आज पाचला मला जमणार नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या चर्चमधल्या एक बाई घर सोडून निघताहेत. हातात एक बॅग आहे. आमच्याच लोकांनी त्यांना खोली दिलीय, आणि मला त्यांच्यासोबत जायचंय."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग संपादक नेहमीच्या गोड आवाजात म्हणाले, "बाई, सबब तरी नवी शोधायची. ही तुमच्या अठराव्या प्रकरणातली आहे, आणि ती मला तेव्हाही पटली नव्हती."

पुस्तक यंदाच्या यादीतून गेलं. खाली टेम्पो येऊन थांबला होता आणि काका हाक मारत होते. लेखिकाबाईंनी फोन ठेवला, चपला घातल्या आणि जिना उतरल्या.