संत्र्याचं तेल आणि बटाट्याच्या दोन चकत्या

"येत्या बुधवारी जंतू आपल्यासमोर हात जोडून उभे राहतील," असं सालवाल्या वहिनींनी घरात जाहीर केलं. नवऱ्याने पेपरातून मान वर काढली नाही. सासूबाईंनी मात्र विचारलं, "किती जण येणार? तसा चहा टाकते."

गल्लीने वहिनींना हे नाव उगीच दिलं नव्हतं. कोपऱ्यावरचा रसवाला संत्र्याच्या साली फेकायचा, त्या वहिनी पोत्याने घरी आणत. कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवायची, ती गार पाण्याच्या बादलीतून फिरवायची, की टोकाच्या बाटलीत थेंब थेंब तेल. ते साबणात कालवलं की फरशीचं जंतुनाशक तयार. तेल निघे वाटीभर, पण घमघमाट असा, की ऑफिसात लोक नवऱ्याशेजारी बसून रस प्यायल्याचं समाधान मिळवत.

शेवटी त्याने निर्वाणीचं सांगितलं. "दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यासाठी घेतलं तर ठीक. नाहीतर नळी भंगारात, आणि कुकर स्वयंपाकाला."

डॉक्टरीणबाई पुराव्याशिवाय ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणून वहिनींनी पुस्तक वाचून पुरावा मांडला. उकडलेल्या बटाट्याच्या दोन चकत्या दोन बशांत, वर उपड्या वाट्या. डावीला रोज तेलाचे दोन थेंब. उजवी तशीच, आठवडाभर वाटी उचलायचीसुद्धा नाही. तिला बुरशीची दाढी फुटणार, डावी गुळगुळीत राहणार.

बुधवारी डॉक्टरीणबाई चष्मा पुसून बसल्या. वहिनींनी डावी वाटी उचलली. चकती स्वच्छ. मग जादूगाराच्या थाटात उजवी. तीही स्वच्छ, नव्या नवरीसारखी तुकतुकीत.

"म्हणजे तेल नसलं तरी चालतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

वहिनींचा चेहरा सालीसारखा सुकला.

"नसलं कसं?" चहा घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मी रोज लावत होते की."

"कुणाला, आई?"

"उजवीला. तू एकीला न्हाऊमाखू घालतेस, दुसरीकडे ढुंकून बघत नाहीस. मी दोन सुना आणल्या, पण असा दुजाभाव कधी केला नाही."

"अहो आई, तिला तसंच ठेवायचं होतं."

"तुझ्या जावेने तुझ्याबद्दल असं म्हटलं असतं, तर चाललं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी हसू चहात बुडवलं. "आजी, मन मोठं आहे तुमचं. पण हे तेल न लागलेला एक तरी बटाटा दाखवा, मग बोलू." आणि त्या उठल्या.

त्यांना चपला देताना वहिनींना दारामागे संत्र्याखेरीज दुसराच वास आला. नवऱ्याची ऑफिसची जुनी बॅग. आत डबा. ऑफिसात चोरीला गेला, असं त्याने शपथेवर सांगितलेला. वहिनींनी झाकण उघडलं. बटाट्याच्या फोडींवर हिरवीकरडी मखमल पसरली होती.

"किती दिवसांचा?" डॉक्टरीणबाई परत बसल्या.

"आठ," नवरा पुटपुटला. "मी मुद्दामच ठेवला होता. हिच्या प्रयोगासाठी."

बावीस वर्षांत पहिल्यांदाच वहिनींनी त्याची थाप बिनतक्रार गिळली.

आता महिन्याला बारा बाटल्या दवाखान्यात जातात. नवऱ्याची दाढ पंधरा दिवस ठणकते आहे, पण तो त्या रस्त्याने जात नाही. डॉक्टरीणबाईंनी तो डबा काचेच्या पेटीत बंद करून काउंटरवर मांडलाय. आणि डब्यावर, हरवू नये म्हणून वहिनींनीच कोरून घेतलेलं, त्याचं आडनावासकट पूर्ण नाव आहे.