नाना आणि फिरती चकती

नाना कुणाच्याही घरी गेले की आधी घरच्या माणसांना नाही, मीटरला भेटत. चपला दाराशी, पिशवी खांद्याला, आणि हे व्हरांड्यातल्या मीटरपुढे डोळे बारीक करून उभे. आपण "या नाना, बसा" म्हणून थकलो तरी त्यांचे ओठ चकतीचे फेरे मोजत हलतच असायचे. मग त्यांच्या अहिराणी वळणात निकाल लागे: "मधल्या खोलीत पंखा चालू शे आणि खाली कुणी नाही." आणि ते खरं निघायचं, हाच तर वैताग.

आमची ही तर त्यांची चाहूल लागली की घरभर पळत बटणं बंद करायची. जळगावच्या मे महिन्यात पाहुणा आला म्हणून पंखे बंद करणारं आमचं एकच घर असेल.

त्यांची सगळी नोकरी वीजखात्यात मीटर तपासण्यात गेली. भडगाव, पाचोरा, यावल, सायकलवर. रात्री तारांवर आकडे टाकून दिवसा साळसूद बसणारी किती माणसं त्यांनी पकडली, याला गणती नाही. त्यातून त्यांचं एक शास्त्र तयार झालं होतं. "बठ्ठं बंद कर. मंग चकती उभी राह्यली पाहिजे. फिरली तर समजायचं, गळती शे नाहीतर चोरी." मग एकेक वस्तू चालू करत जायचं आणि चोर धरायचा. हाच कायदा ते पोटालाही लावत. पोट बिघडलं की एक दिवस खाणंच बंद, मग रोज एकेक पदार्थ चालू. या चौकशीत वांग्याचं भरीत निर्दोष सुटलं आणि शेव कायमची दोषी ठरली.

या शास्त्राखाली खरं भरडून निघालं ते एकच माणूस, त्यांची बायको. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, म्हणून गल्ली त्यांना बाई म्हणे, आणि नानाही बाईच म्हणत. नाना खोलीतून बाहेर पडले की हात आपोआप बटणावर. मागे कोण आहे, कोण नाही, हे बघायची रीतच नाही. मग अंधाऱ्या स्वयंपाकघरातून शांत आवाज यायचा, "लाइट बंद नका करू, मी अजून आत शे." आमची आणि त्यांची भिंत एकच. दिवसातून चार-पाच वेळा हे वाक्य आम्हाला ऐकू यायचं, आणि त्यामागून नानांचं ठरलेलं, "मंग सांगायचं ना."

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी फंडाच्या पैशांतून चक्क कॉम्प्युटर घेतला. नव्वदीची शेवटची वर्षं, गल्लीत तेव्हा कुणाकडे नव्हता. मी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास आणि दुरुस्ती असा दुहेरी संसार चालवत होतो. कॉलेजच्या पोरींमध्ये बाई पहिल्या बाकावर, वहीला समास आखून. छोटे छोटे प्रोग्राम लिहायला शिकल्या आणि चुकलं की स्वतःच्याच वहीत लाल फुली मारायच्या. एवढी गुणी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळाली नाही.

दिवाळीनंतर पोटाचं दुखणं निघालं आणि होळीच्या आत बाई गेल्या. भिंतीपलीकडून येणारं ते वाक्य थांबलं. नानांनी घरात एकच दिवा ठेवला. बंद करायला दुसरा उरलाच नव्हता.

मे महिन्यात भर दुपारी नाना दुकानात आले. माझ्या मीटरकडे बघितलंसुद्धा नाही, तेव्हाच मी समजलो, काहीतरी बिनसलंय.

"बाईंचा कॉम्प्युटर रोज दोन तास चालू करतो," ते म्हणाले. "मी काही करत नाही त्याच्यावर. नुसता समोर बसतो. तरी तापतो. पंखा बोंबलतो, मधेच गोठतो. रिकामं यंत्र तापत नसतं, भाऊ. मागून कुणीतरी आकडा टाकला शे."

"कॉम्प्युटरवर आकडा पडत नाही, नाना."

"मंग वीज जाते कुठं?" ते खुर्चीवर बसले. आवाज उतरला. "तो जळाला तर बाईंचं घरात काहीच चालू राह्यणार नाही. तेवढा वाचव."

मी गेलो. आधी खोका उघडून धूळ काढली, एक मेलेली पाल काढली. पालीवर आळ घ्यायला नानांनी नकार दिला. मग पडद्यावर प्रोसेसर किती राबतोय त्याचा आलेख लावला. समोर एकही काम उघडं नाही आणि रेघ वर शंभराला टेकलेली. व्हायरस शोधला, नव्हता. शेवटी नानांचंच शास्त्र राहिलं. "बठ्ठं बंद कर," म्हणत ते व्हरांड्यात मीटरपुढे जाऊन उभे राहिले. मी आत मागे चालणारे प्रोग्राम एकेक करून बंद करतोय आणि बाहेरून आवाज येतोय, "अजून तशीच."

प्रोसेसरच्या राबण्याचा मीटरला काय पत्ता लागणार, असं मी मनात म्हणत होतो. यादीत शेवटी एक नाव राहिलं. ते बंद केलं आणि रेघ धपकन खाली आली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं, तेवढ्यात बाहेरून, "हळू झाली." त्यांना खरंच दिसलं का, देव जाणे.

"चोर सापडला का?" नाना आत आले.

पडद्यावर त्या प्रोग्रामचं नाव होतं 'नाना'. बाईंनीच लिहिलेला प्रोग्राम, मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होणारा. मी उघडून बघितला. चार ओळींचं काम. आज ती तारीख आहे का? असेल तर दुसऱ्या फाइलीतला निरोप दाखव, नसेल तर पुन्हा बघ. नाही? पुन्हा बघ. मधे श्वास घ्यायला सांगायचं बाई विसरल्या होत्या, त्यामुळे बिचारा सेकंदाला हजारो वेळा तेच विचारत बसला होता. दुसरं काही नाही, सगळी ताकद वाट बघण्यात.

तारीख ऑगस्टअखेरची होती. नानांनी ती ओळखली. कागदोपत्री त्यांचा जन्म एक जूनचा. गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या वर्गाचा एक जूनच लिहिला होता. आई एवढंच सांगायची की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. बाईंनी कुठून तरी त्या सालचं पंचांग मिळवून खरी तारीख काढली होती, तीच ही. "मीच म्हणलो व्हतो, खरी शोधायची कशाला, एक जून बस झालं," नाना पुटपुटले.

पण ती तारीख या मशीनवर कधीच आली नसती. आतला घड्याळाचा सेल मेला होता. लाइट गेली की मशीन ऐंशी सालच्या एक जानेवारीला जाऊन बसायचं. त्यामुळे बाईंनी हे कधी लिहिलं, दुखणं कळायच्या आधी की नंतर, तेही फाइलीवरून कळेना.

"तारीख पुढं करतो, आत्ता बघू काय लिहिलंय ते," मी म्हणालो.

नानांनी पडद्यावर पंजा ठेवला. "नको. त्यांनी सांगितलं त्या दिवशीच."

"मग निदान एक ओळ घालतो. थांबत थांबत बघेल, तापणार नाही."

"बाईंच्या लिहिण्यात हात घालायचा नाही."

मी नवा सेल बसवला, आत आणखी एक छोटा पंखा लावला. तीन महिने मशीन तसंच राबत राहिलं. दुसऱ्याच्या डोक्यावरचा पंखा बंद करणारे नाना रोज दुपारी टेबलफॅन कॉम्प्युटरकडे वळवून स्वतः घाम पुसत बसायचे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून ते बोलवायला आले. "चल. एकट्यानं नको."

खिडक्या लावलेल्या होत्या. मशीन सुरू झालं आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी, पूर्णविरामासकट.

लाइट बंद नका करू. मी अजून आत शे.

खाली ओकेचं एक बटण. बाईंनी गंमत केली होती की सगळं माहीत असून लिहिलं होतं, मला आजही सांगता येत नाही. नानांनी विचारलं, "हे बटण दाबलं तर?"

"चौकट जाईल."

त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला. आम्ही तसेच चौकटीसमोर बसून राहिलो.

अकराच्या सुमाराला लाइट गेली. रोजच जायची. पडदा काळा झाला, पंखे गिरक्या घेत थांबले, खोलीत अंधार झाला. नाना हलले नाहीत. खिशातला हात खिशातच होता. मग शेजारच्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसं ते म्हणाले, "बाई, मी नाही बंद केली."