सामायिक साखर

कुडाळच्या दवाखान्यात आमचे शेजारी तात्या परब यांना कुणी सहज विचारलं, "किती साखर?" की ते आधी चष्मा काढतात, पुसतात, परत घालतात आणि मग उलट विचारतात, "माझी इचारतास की घराण्याची?"

विचारणारा बहुधा तिथूनच काढता पाय घेतो. मला ती सोय नाही. वालावलहून कुडाळला त्यांना माझ्याच स्कूटरवरून न्यावं लागतं, त्यामुळे घराण्याची साखर मी जातायेता ऐकत असतो.

तात्यांचं सारं आयुष्य हिश्श्यांत गेलं. आमच्याकडे जमीन कुणा एकट्याची नसतेच, ती सामायिक असते. सातबाऱ्यावर नावांची ही लांब रांग, त्यातले निम्मे मुंबईला आणि बाकीचे वर. तात्यांच्या घरामागच्या परड्यातला फणससुद्धा सामायिक. एका वर्षी फणस तात्यांचे, पुढच्या वर्षी चुलतभावाचे. पण एकदा एक फणस मधल्या दगडी गडग्यावर पडून इकडे अर्धा, तिकडे अर्धा फुटला, तेव्हा तो कुणाचा यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. निकाल लागेपर्यंत गुरांनी तो खाऊन टाकला. सरकारी कचेरीत गेले की तात्या मालवणी उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि "सदर मिळकतीत आमचा अविभक्त हिस्सा आहे" अशी सुरुवात करतात. मग तिथला कारकून मुकाट्याने चहा मागवतो.

असा माणूस मधुमेह तरी एकट्याचा कसा मानणार? त्यांच्या वडिलांना होता. "बापाशीच्या मोरयेत मुंग्ये लागत, तेवा आमका समाजला," हे ते चारचौघांत सांगतात, तेही अशा थाटात की जणू वारस म्हणून नोंद झाली आहे.

पण पथ्याला माणूस पक्का. डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं, तर रोज सकाळी आपल्या हद्दीच्या गडग्याकडेने फेऱ्या सुरू झाल्या. बाईंना समाधान वाटलं, आम्हा शेजाऱ्यांना कमी, कारण फेरीगणिक कुणाची ना कुणाची फांदी आत आल्याचं त्यांना दिसू लागलं. भात कमी केला, गोळी कधी चुकवली नाही. गोडाचं तर त्यांना मुळातच वेड नव्हतं. सणाला पुढ्यात आलेली खीर ते बाजूला सारत आणि म्हणत, "बांगडो काय कमी गोड आसता?"

म्हणूनच गेल्या वर्षी त्यांची साखर एकाएकी चढली तेव्हा कुणाला काही उमजेना. त्यातच एकदा कुडाळच्या बाजारातून परतल्यावर त्यांनी चप्पल काढली, तर अंगठ्याखाली रक्त. चपलेतून खिळा वर आला होता आणि बाजारभर तो पायात रुतत होता, पण तात्यांना पत्ताच नव्हता. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली आणि सुनावलं. साखर अशीच राहिली की पायाच्या नसा मरतात, जखम झालेली कळत नाही, कळली तरी भरत नाही. पुढे डोळे आहेत, मूत्रपिंडं आहेत. अंगठा ठेवायचा असेल तर काय खाता ते खरं सांगा, म्हणाल्या. तात्या शपथेवर म्हणाले, पेज.

दोन दिवसांनी मी काजूच्या बागेत गेलो, तर झाडाआड गडग्यावर बसून पेज चाललेली. हातात खाजा. आमच्या जत्रेत मिळतो तो, गुळात घोळवलेल्या बेसनाच्या कांड्यांचा, आल्याच्या वासाचा. गंमत म्हणजे चोरून खाणाऱ्याच्या तोंडावर जो आनंद असतो तो तात्यांच्या तोंडावर औषधालाही नव्हता. डोळे घट्ट मिटून, कडू काढा घ्यावा तसे ते एकेक कांडी चावत होते आणि वरून पाणी पीत होते.

मला संताप आला. अंगठा जाईल, एवढंच मी म्हणालो.

"जाव दी," तात्या म्हणाले. मग तोंडातली कांडी पाण्याबरोबर गिळून बोलले, "दिगू, साखर आमची सामायिक. बापाशीक होती, माका इली, आता चेडवाक इली. मी माझ्या वाट्याक जास्ती घेतलंय, तर तिच्या वाट्याक कमी येतली ना रे?"

चेडू म्हणजे त्यांची नात, मनू. सहावीत आहे. तात्यांची साखर चढण्याआधी काही महिने ती बघता बघता वाळली. तांब्यामागून तांब्या पाणी पिऊ लागली आणि एक दिवस ओकून ओकून धापा टाकायला लागली तेव्हा तिला इस्पितळात हलवलं. पोर वाचली, पण तेव्हापासून रोज इन्सुलिनची सुई. इस्पितळात कुणीतरी विचारलं होतं, घरात आणखी कुणाला मधुमेह आहे का? सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. ते बघणं तात्यांनी मनात धरून ठेवलं. त्यात ते खाजा खायला लागल्यावर मनूचा आकडा खरोखरच खाली येऊ लागला. मग काय, पुरावाच मिळाला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना दवाखान्यात नेलं आणि ते डोळे वटारत असतानाही बाईंना सगळं सांगून टाकलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं की तात्यांच्या अंगात इन्सुलिन आहे, पण शरीर त्याला नीट दाद देत नाही. हा दुसरा प्रकार. मनूचा पहिला. तिच्या शरीराने इन्सुलिन करणाऱ्या स्वतःच्याच पेशी मारून टाकल्या, म्हणून तिला ते बाहेरून द्यावं लागतं. तो गोड खाऊन होत नाही आणि तात्यांमुळेही झालेला नाही. आकडा खाली आला तो डोस बदलल्यामुळे.

तात्यांनी वाद घातला. एका घरात दोन प्रकार कसे, म्हणाले. शेवटी मीच म्हणालो, "तात्यानू, तिचो सातबारो येगळो. तुमचा नाव तेच्यार नाय."

हे त्यांना कळलं. मला वाटलं, इतक्या महिन्यांचं ओझं उतरलं, आता माणूस सुटेल. पण त्यांचा चेहरा पारच पडला.

"म्हणजे," त्यांनी बाईंना विचारलं, "तिच्या दुखण्यातला माका कायच घेवक येवचा नाय?"

बाई टेबलावरचे कागद उगाच सारखे करत राहिल्या. मला तर तिथे बसवेना. हिश्श्यासाठी जन्मभर भांडलेला हा माणूस, इतकं हरलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा मनूची जेवणाआधीची सुई घ्यायची वेळ झाली होती. इतर दिवशी ही वेळ आली की तात्यांना हटकून परड्यात काहीतरी काम निघायचं. त्या दिवशी ते पट्टी बांधलेला पाय घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

"माका काय तरी करूक सांग गो," ते म्हणाले.

मनूने त्यांच्याकडे पाहिलं. तिला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. कधीपासून ती स्वतःच टोचून घेते. पण तिने थोडा विचार केला, इन्सुलिनच्या पेनाचं टोपण काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"ह्या धरा. पडूक देव नका."

तात्यांनी मूठ मिटली. सुई आत गेली तेव्हा मनूचा चेहरा जराही हलला नाही, तात्यांचा मात्र हलला. पण ते बाहेर गेले नाहीत. टोचून झाल्यावर तिने टोपणासाठी हात पुढे केला, तेव्हा ती मूठ त्यांना लवकर उघडता येईना.