लोहाराच्या कमरेचा फोन

या मंडळी, असे पुढे सरका, चित्त इकडे द्या. एका लोहाराला देव कसा पावला ते सांगतो.

उघड्या माळावर एक संग्रहालय होतं. शंभर वर्षांपूर्वीचं अख्खं गावच तिथे उभं केलेलं: विहीर, तेलाचा घाणा, लोहाराचा भाता. शाळांच्या सहली यायच्या. नियम एकच, फाटकाच्या आत कामगारांना नव्या जगातलं काही म्हणजे काही ठाऊक नसायचं. नवा लोहार दोनदा चुकला होता. एकदा मुलांना सामन्याचा स्कोअर सांगितला, एकदा कुणाच्या घड्याळाचा सेल बदलून दिला. "तिसऱ्यांदा सापडलात तर कायमचे घरी," संग्रहालय चालवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं. आणि घरी त्याचं ऐकत कोण होतं? इथे चाळीस-चाळीस लेकरं आ वासून ऐकायची.

त्या दुपारी मॅडम समोरच्या कुंभाराच्या छपरात बसून त्याच्यावरच नजर ठेवून होत्या. तेवढ्यात सहलीच्या बाई धापा टाकत आल्या. कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला त्या मागे फिरल्या होत्या, आणि बस निघून गेली होती.

"काका, आमची बस पाहिलीत?"

पाहिली होती. धूळसुद्धा अजून खाली बसली नव्हती. "ते काय असतं, ताई?"

"अहो, चाळीस मुलं घेऊन गेली ती."

"बैल किती होते?"

"तुमचा फोन द्या बघू. माझा बसमध्ये राहिलाय."

नेमका तेव्हाच लोहाराच्या कमरेला फोन घरघरला. तो पोट दाबत म्हणाला, "सकाळपासून उपाशी आहे."

बाईंचे डोळे भरून आले. "लेकरांना मोजायला कुणी नाही हो."

लोहार विरघळला. बस ठाऊक नसली तरी बैलगाडी ठाऊक असायला हरकत नव्हती. त्याने घाण्याचा बैल गाडीला जुंपला, बाईंना बसवलं. बैल निघाला आणि विहिरीभोवती गोल फिरू लागला. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली.

"काका, सरळ न्या ना."

"ताई, यानं जन्मात सरळ रस्ता पाहिलेला नाही."

चौथ्या फेरीला लोहाराने कमरेचा फोन काढला. "घ्या. नोकरी गेली तर गेली."

तोच टाळ्या वाजल्या. कुंपणावर चाळीस डोकी ओळीने उभी. बसमध्ये मुलांनी आपण होऊन मोजणी केली होती. मुलं भरली चाळीस, पण मोजणारीच कमी. म्हणून त्यांनी बस मागे फिरवायला लावली होती.

"बाई, अजून एक फेरी," मुलं ओरडली.

मॅडम मात्र तरातरा आल्या. "हा फोन कुणाचा?"

बाईंनी लोहाराकडे पाहिलं. "माझा. या बिचाऱ्यांना वाटलं नाल आहे, ठोकायला घेत होते."

फोन पुन्हा घरघरला. बाईंनी कानाला लावला, नुसतं "हं, हं" केलं आणि ठेवला. "काका, तुमच्या घरचा निरोप आहे. येताना दूध आणा, कालसारखं विसरू नका."

"निरोप आणला कुणी?" लोहाराने भाबडेपणाने विचारलं.

मॅडमना हसू आवरेना. लोहाराची नोकरी राहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून बैलाच्या फेऱ्या कार्यक्रमात आल्या. बसमध्ये चढण्याआधी बाईंनी फोन हळूच लोहाराच्या कोळशाच्या टोपलीत ठेवला होता. दूध त्या दिवशीही राहिलंच.

तर मंडळी, लोहाराला विसरलात तरी चालेल. पण चाळीस मुलांदेखत आयुष्यात पहिल्यांदा जी खोटं बोलली, त्या बाईची तेवढी आठवण ठेवा.