सुभेदारांचे चार बोर्ड

पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापायला देण्यापूर्वी सुभेदार जगतापांनी चार वर्षांच्या बंटीला समोर बसवून विचारलं होतं, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं, असं छापायचंय. खाली तुझं नाव घालू का?" बंटी नाही म्हणाला. काकाने त्याला सायकलवरून फिरवलं नव्हतं. पत्रिका छापून आली तेव्हा चिंगी, पिंटू, सोनू सगळे होते, बंटी नव्हता. बंटीची आई मांडवात सुभेदारांशी एक शब्द बोलली नाही. सुभेदारांना त्याचं काही वाटलं नाही. "त्यानं न्हाई म्हटलं," ते मला म्हणाले, "मग घालणार कसं?"

हे जगताप फौजेत कारकुनी करून सुभेदार म्हणून पेन्शनीवर आले आणि माधवनगरला आमच्या शेजारच्या गल्लीत राहू लागले. पुढे आमच्या समाजाच्या वधूवर मंडळाचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. पडलं म्हणजे, कुणाला नको होतं आणि त्यांनी हो म्हटलं. मंडळाचे चार बोर्ड होते: सांगली, माधवनगर, पलूस आणि सातारा. पुढे काचेचं दार, आत हिरवं कापड, कापडावर टाचण्यांनी लावलेली स्थळं. दाराला कुलूप, आणि चारी कुलपांच्या किल्ल्या सुभेदारांच्या करदोट्याला. जवळचे तीन बोर्ड ते मोपेडवरून करायचे, साताऱ्याला महिन्यातून एकदा एस.टी.ने जायचे.

त्यांच्या आधी हे काम सोपं होतं. बापाने फोटो आणि माहितीचा कागद आणून द्यायचा, मंडळाने तो चारी ठिकाणी लावायचा. सुभेदारांनी नियम केला की ज्याचा फोटो, त्याने स्वतः येऊन सांगायचं. तेही प्रत्येक बोर्डाचं वेगळं. एका होकारात चार बोर्ड येत नाहीत, असं ते म्हणायचे. एका शिक्षकाचं ठरलेलं लग्न साताऱ्यात मोडलं होतं. त्याला सातारा नको होता. एका विधवा मुलीला साताराच हवा होता, पण पलूस नको, कारण तिथे सासरची माणसं होती. हे मला पुढे लोकांकडून कळलं. सुभेदार स्वतः कारण विचारत नसत. "कारण घेऊन मी काय करू? मला फकस्त बोर्डाचं नाव सांगा."

एक तिशीतला इंजिनिअर आला होता. कुठं लावू विचारल्यावर तो म्हणाला, आई म्हणेल तसं. सुभेदारांनी फोटो परत केला. "मग आईचा फोटो आणा."

साताऱ्याला राहणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना हा प्रकार अजिबात मान्य नव्हता. त्यांनी तिथल्या बोर्डाची गुपचूप दुसरी किल्ली करून घेतली आणि बायकोच्या भाचीचं स्थळ लावून टाकलं. पुढच्या महिन्यात सुभेदारांनी ते बघितलं. आरडाओरडा केला नाही. कागद काढला, कुलूप बदललं आणि जुनं कुलूप अध्यक्षांना पार्सलने पाठवून दिलं. त्यांच्याकडे त्याची किल्ली होतीच.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो माझ्या मुलीमुळे. मी कुपवाडला एका कारखान्यात हिशेब बघायचो. मंजूने बी.एस्सी. केलं आणि तिला साताऱ्याला बी.एड.ला प्रवेश मिळाला. तिच्या फीची आणि वसतिगृहाची तजवीज मी करून ठेवली होती. पण पलूसला माझे थोरले बंधू आहेत, आम्ही त्यांना दादा म्हणतो. आमच्याकडे शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी फर्मावलं की दिवाळीच्या आत पोरीचं उरकायचं, शिकायचं ते नवऱ्याच्या घरी. पुढच्या रविवारी पलूसच्या बोर्डावर तिचा फोटो दिसला पाहिजे, ते स्वतः बघायला जाणार, असंही सांगितलं. त्यांच्यापुढे माझ्या तोंडून बी.एड. हा शब्द निघाला नाही. फोटो एकदा लागला की लोक बघायला येणार, त्यातलं एखादं जमणार, आणि बी.एड. राहणार, हे मला दिसत होतं. तरी मी फोटो घेऊन सुभेदारांकडे गेलो.

"मुलगी कुठाय?" त्यांनी विचारलं.

घरी आहे, मी म्हणालो. मी तिचा बाप आहे.

"ते दिसतंय. तिला घेऊन या."

मंजू आली. सुभेदारांनी तिला खुर्ची दिली आणि मला बाकावर बसवलं. मग सरळ विचारायला लागले.

"सांगली लावू?"

मंजूने माझ्याकडे बघितलं.

"तिकडं बघू नगंस. त्यांचा फोटो न्हाई लावायचा."

"नको," मंजू म्हणाली.

"माधवनगर?"

"नको."

"सातारा?"

"साताऱ्याला मला शिकायला जायचंय."

"ते नंतर. लावू का नको?"

"नको."

पलूस म्हणताना त्यांचा आवाज तसाच होता. मंजूचा मात्र जरा चढला. "पलूस तर नकोच."

सुभेदारांनी मान हलवली आणि फोटो परत दिला. माझ्या हातात नाही, तिच्या. खरं म्हणजे तिथे मला राग यायला हवा होता. पण मी बाकावर पाठ टेकून बसलो आणि बऱ्याच दिवसांनी मला मोकळा श्वास आला. दादांना काय सांगू, एवढंच मी विचारलं.

"त्यांना माझ्याकडं पाठवा. माझं नाव सांगा. माझ्यावर चिडायची लोकांना सवय हाय."

दादा खरोखर आले. पलूसहून तणतणत आले, तासभर सुभेदारांकडे बसले आणि आमच्या घरी येऊन पाणी मागितलं. "अरं, फळ्यावर लावायला पोरीला काय इचारायचं, म्हटलं मी. तर मला म्हणतोय, तुमचा फोटो हाय का? तुमचा लावतो." दादा पाणी प्याले. "त्या माणसाशी बोलण्यात अर्थ न्हाई रं. जाऊ दे तिला साताऱ्याला."

मंजू पहिल्या सुट्टीत घरी आली तेव्हा आम्ही दोघं पेढे घेऊन सुभेदारांकडे गेलो. ते आणि काकू सोप्यात शेंगा फोडत बसले होते. पेढ्यांच्या निमित्ताने मी इतके दिवस मनात असलेलं विचारलं, की हा नियम तुम्हाला सुचला कसा. फौजेतला का?

सुभेदार काकूंकडे वळले. "सांगू का गं?"

काकूंनी दोन शेंगा फोडल्या. "निम्मं सांगा."

"आमचं लगीन ठरलं तवा हिला कुणी इचारलं न्हवतं," सुभेदार म्हणाले. "मी पण न्हाई. मी रजेवर आलो, लगीन केलं, परत गेलो. पेन्शनीवर आलो, घरात बसायला लागलो, तवा एक दिवस इचारलं. तुला माझ्याशी करायचं होतं का, म्हणून."

ते थांबले. निम्मं झालं होतं.

मंजूला राहवलं नाही. "मग काकू, तुम्ही काय म्हणालात?"

"आवं, इचारायला तुमास्नी चोवीस वर्सं लागली," काकू मंजूला नाही, नवऱ्यालाच म्हणाल्या. "मला बी तेवढी लागतील की."

काकू हसल्या, मंजू हसली. मी सवयीने मनातल्या मनात हिशेब करायला लागलो, पण सुभेदारांचा तयार होता.

"अकरा झाली," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

काकूंनी सुपातले सोललेले दाणे ओंजळीने उचलून त्यांच्या वाटीत टाकले, आणि त्यांच्यापुढच्या न फोडलेल्या शेंगा स्वतःकडे ओढून घेतल्या.